हॅलोताईंचे तीन 'स'

साहेबांनी हॅलोताईंना सांगितलं होतं ते एवढंच, की महिनाअखेर तुम्ही निवृत्त होताय, तर जाण्याआधी त्या चार नव्या मुलींना शेजारी बसवून घ्या आणि फोनवर कसं बोलायचं ते जरा दाखवा. यात हॉल नव्हता, माइक नव्हता, पडद्यावर सरकणारी चित्रं नव्हती आणि रडणं तर मुळीच नव्हतं. ते सगळं मागाहून आलं. येताना वाटेत कुठेही थांबवता आलं असतं, असं हॅलोताईंना आता वाटतं. पण आता वाटून काय उपयोग!

हॅलोताई लिफ्टच्या कंपनीत होत्या. लिफ्ट बसवणं किंवा दुरुस्त करणं त्यांच्याकडे नव्हतं. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाशी बोलणं, हे त्यांचं काम. लिफ्ट मध्येच बंद पडली की आतला माणूस घंटीचं बटण दाबतो, ती घंटी त्यांच्या टेबलावर वाजते, आणि मिस्त्री येऊन दार उघडेपर्यंत त्या माणसाला सोबत करायची. घंटी वाजली की त्या नुसतं "हॅलो" म्हणायच्या. तो हॅलो असा, की अडकलेल्या माणसाला वाटावं, कोणीतरी दार लोटून आत आलं आणि शेजारी बसलं. कंपनीत त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशीच काय ते निघायचं. "हा हॅलो आम्हाला मात्र कधी ऐकायला मिळाला नाही," असं त्यांचे यजमान पाहुण्यांना सांगत, आणि ते खोटं नव्हतं.

त्यांची एक रीत होती. "घाबरू नका" असं त्या कधी म्हणत नसत. तसं म्हटलं की माणसाला आठवतं, अरे, इथे घाबरायला हवं. त्या विचारत, "पिशवीत काय आहे?"

लिफ्टमधल्या माणसाच्या हातात पिशवी असतेच. माणूस आधी गोंधळायचा, मग चिडायचा आणि मग सांगू लागायचा. पाव आहे, साबण आहे, बल्ब आहे. "बल्ब फुटला नाही ना? बघा बरं." माणूस बघायचा. "आणि तळाशी?" हा त्यांचा शेवटचा प्रश्न. तळाशी नेहमी काहीतरी निघायचंच. एका गृहस्थांना तळाशी बायकोने शिवायला टाकायला दिलेली चप्पल सापडली, मागच्या आठवड्यातली. ते म्हणाले, "ताई, मिस्त्रीला सांगा, सावकाश आला तरी चालेल." दुसरे एक म्हणाले, "पिशवी नाही हो, बरोबर सासूबाई आहेत." "मग आधी त्यांना बोलू द्या," ताई म्हणाल्या. मिस्त्रीने दार उघडलं तेव्हा सासूबाईंचं बोलणं अजून लग्नापर्यंतही आलं नव्हतं.

आणि एक नेम होता. फोनवर खोटं बोलायचं नाही. मिस्त्री लांब असेल तर लांब आहे म्हणायचं. "आलाच" असं म्हणून माणसाला झुलवत ठेवायचं नाही. रोज पहिली घंटी वाजण्याआधी त्या डोळे मिटून घटकाभर बसत, तेव्हा बहुधा हेच मागत असाव्यात.

चार मुलींतली एक जाड चष्म्याची होती. ती आपली आपणच पहिल्या दिवशी खुर्ची ओढून ताईंच्या शेजारी येऊन बसली. एक फोन झाला. मुलगी म्हणाली, "ताई, पिशवीचं का विचारलंत?"

ताई संकोचल्या. इतक्या वर्षांत त्यांना हे कोणी विचारलं नव्हतं. "अगं, ते असंच. माझी आपली सवय. खरं ट्रेनिंग व्हायचंय अजून."

खरं ट्रेनिंग! कुठून सुचलं ते, देव जाणे.

कारण त्याच दुपारी प्रशासनातले कारकून येऊन उभे राहिले. "ताई, टेबलाशेजारी बसवणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे. ते नुसतं बसणं. प्रशिक्षण हॉलमध्ये होतं."

"मग हॉल द्या."

"चार माणसांसाठी हॉल उघडत नाहीत. पंखे असतात, दिवे असतात. हॉल भरला पाहिजे."

"अहो, पण मुली चारच आहेत."

"मुलींचं मी म्हणत नाहीये. मी भरण्याचं म्हणतोय."

अशा रीतीने मिस्त्री आले, ड्रायव्हर आले, गोदामातली माणसं आली, रखवालदारही आला. कागदोपत्री सगळेच अडकलेल्या माणसांशी बोलणारे झाले. हॉल मिळाला म्हणून त्यातला पडदा मिळाला. पडदा घेऊन त्यावर काही दाखवलं नाही तर घेतला कशाला, अशी विचारणा होते, म्हणून चित्रं आली. चित्रं म्हणजे भाची आली. भाचीला कॉम्प्युटरमधलं सगळं येत होतं, फक्त ते थांबवता येत नव्हतं. तिने केलेल्या प्रत्येक पानावर अक्षरं गिरक्या घेत यायची आणि मगच जागेवर बसायची.

"मावशी, मजकूर दे," ती म्हणाली.

"मजकूर काय? मी विचारते, पिशवीत काय आहे."

भाची वाट बघत राहिली. "आणि पुढे?"

"पुढे विचारते, तळाशी काय आहे."

"मावशी, हे एका पानावरसुद्धा पुरणार नाही गं."

यजमानांनी चष्मा कपाळावर सरकवला. "लोक हसतील. वजनदार शब्द हवेत. 'संवाद' तरी घाल कुठेतरी." आणि ताईंच्या भल्यासाठी ते वरच्या मजल्यावर जाऊन माइकभाऊंना घेऊन आले.

माइकभाऊ विमा एजंटांना बोलायला शिकवत. ते घरातही माइक धरल्यासारखी मूठ तोंडापाशी ठेवून बोलत, मीठ मागतानाही. त्यांनी ताईंना दिवाणखान्याच्या मधोमध उभं केलं आणि भोवती एक चक्कर मारली, गिऱ्हाईक जुनी गाडी बघतं तशी.

"ताई, ज्ञान कोणालाच नको असतं. भावना द्या! तुमच्या आयुष्यात लिफ्टमधला एखादा काळीज हलवणारा प्रसंग?"

"मी कधी अडकलेच नाही हो. लहानपणी आमच्याकडे लिफ्ट नव्हती. वरचा मजलाच नव्हता."

"मजला आपण बांधू," माइकभाऊ म्हणाले.

आणि त्यांनी तिथल्या तिथे बांधला. लहानगी ताई, फ्रॉक, अंधार, मध्येच थांबलेली लिफ्ट. आतून तिचं रडणं, आणि दाराच्या फटीतून येणारा आत्याचा आवाज: "बाळा, मी इथेच आहे." त्या आवाजाने मुलगी जगली. त्या दिवशी तिने ठरवलं, आपणही तो आवाज व्हायचं. भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं. यजमान, ज्यांना ताईंना आत्या नाही हे पक्कं माहीत होतं, तेही नाक पुसत आत गेले.

"हे खोटं आहे पण," ताई म्हणाल्या.

"ताई, प्रसंग खोटा असेल, भावना तर खरी आहे ना?"

यावर काय बोलावं ते ताईंना सुचलं नाही. मऊ स्वभावाच्या माणसाचं हेच होतं. उत्तर सुचेपर्यंत समोरचा पुढच्या मुद्द्यावर गेलेला असतो. पुढचा मुद्दा तीन 'स'चा होता. स्मित, सहानुभूती, समाधान. प्रत्येकाखाली एकेक तयार वाक्य. समाधानाखाली होतं, 'आपण दोन मिनिटांत समाधानी व्हाल.'

"दोन मिनिटांत मिस्त्री कधीच पोचत नाही," ताई चाचरत म्हणाल्या.

"वाक्याला ठेका हवा, ताई. 'वाहतुकीवर अवलंबून आहे' याला ठेका येतो का?"

नेमाची आठवण झालीच नाही असं नाही. पण नेम फोनवर खोटं न बोलण्याचा होता, आणि हॉलमध्ये फोन नव्हता. अशी पळवाट काढल्यावर ताईंना जरा बरं वाटलं आणि लगेच जरा कसंसंही वाटलं; पण तोवर नणंदेचा फोन आला होता, कार्यक्रमाला कोणत्या रंगाची साडी नेसणार म्हणून.

प्रत्यक्ष दिवशी पहिलं पान पडद्यावर उलटं आलं. रखवालदाराने मान तिरकी करून ते शेवटपर्यंत वाचलं आणि शेजाऱ्याला समजावूनही सांगितलं. माइक किंचाळला. माइकभाऊ, ज्यांना कोणीच बोलावलं नव्हतं, मागच्या रांगेत बसून हातवारे करू लागले. हात वर म्हणजे आवाज वर, हात छातीवर म्हणजे भावना. ताईंनी कागदावरचं वाचायला सुरुवात केली. मध्ये कंसात 'थांबा' असं लिहिलं होतं, तेही त्यांनी मोठ्याने वाचलं. चहासाठी हळूच उठलेले ड्रायव्हर घाबरून खाली बसले.

"फोनवर स्मित दिसणार कसं?" एका मिस्त्रीने विचारलं.

"ते ऐकू येतं," ताई म्हणाल्या. हे मात्र खरं होतं, आणि नेमकं तेच कोणी लिहून घेतलं नाही.

मग ती गोष्ट आली. खोटं सांगायची सवय नव्हती, पहिल्याच वाक्याला ताईंचा आवाज कापला. हाच कापरा आवाज हॉलला भावनेचा वाटला. सगळे गप्प झाले. आणि त्या गप्प झालेल्या माणसांकडे बघताना ताईंना काहीतरी झालं. इतकी वर्षं त्यांचं बोलणं एका वेळी एकच माणूस ऐकत आला होता, तोही न दिसणारा. इथे इतके चेहरे! त्या वाहावल्या. फ्रॉक निळा झाला, अंधार वाढला, आत्या दोनदा रडली. माइकभाऊंच्या कागदात आत्या एकदाच रडत होती. पहिल्या रांगेत साहेबांनी रुमाल काढला. "बाळा, मी इथेच आहे," ताई म्हणाल्या, आणि स्वतःच रडल्या, अगदी मनापासून, कधीच नसलेल्या आत्यासाठी.

टाळ्या थांबल्यावर चष्मेवाली मुलगी उभी राहिली. "ताई, एक विचारू? समोरचा माणूस रडायलाच लागला, तर पहिलं वाक्य कोणतं बोलायचं?"

उत्तर ताईंच्या जिभेवर होतं. चांगलं टोकाशी आलं होतं. पण साहेबांच्या हातात ओला रुमाल होता, पडद्यावर 'सहानुभूती' गिरक्या घेत होती, आणि एवढं सगळं झाल्यावर पिशवी काढायची? मागे माइकभाऊंनी हात छातीवर ठेवला.

"तुझं मनच तुला सांगेल," ताई म्हणाल्या.

पुन्हा टाळ्या. मुलगी टाळ्या संपेपर्यंत तशीच उभी होती, अजून काहीतरी यायचं राहिलं असेल म्हणून. मग ती खाली बसली.

त्यानंतर जे झालं त्यावर ताईंचा काही ताबा राहिला नाही. साहेबांनी तीन 'स' चौकटीत बसवून फोनच्या खोलीत लावले. वाक्यं छापून प्रत्येक टेबलावर चिकटवली, खाली सूचना: शब्द इकडचे तिकडे करू नयेत. ताईंचं टेबल मुलींना देऊन टाकलं गेलं, कारण एवढ्या मोठ्या वक्त्याने शेवटच्या दिवसांत घंट्या उचलत बसणं बरं दिसत नाही. ताईंना वाटे, जावं, चष्मेवालीच्या शेजारी बसावं, एक फोन होईपर्यंत. पण ती दिसली की मान खाली घालून वाक्यं पाठ करत असायची, आणि ताईंचा पाय दारातूनच मागे फिरायचा.

शेवटच्या दिवशी फुलं मिळाली, भाषणं झाली, एक जडशीळ स्मृतिचिन्ह मिळालं. ते पिशवीत टाकून ताई घरी आल्या, आपल्या इमारतीच्या लिफ्टमध्ये शिरल्या, तीही कंपनीचीच, आणि दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट एक आचका देऊन थांबली. दिवा गेला. कोपऱ्यात एक मिणमिणता दिवा उरला.

पहिल्यांदा त्यांना हसूच आलं. मग ते आलं तसं गेलं. हवा कमी झालीय की काय, असं वाटलं. लोक तसं सांगत तेव्हा त्या म्हणत, हवा भरपूर आहे. आता ते 'भरपूर' कितीतरी कमी वाटलं. घंटीचं बटण इतकं बारीक असतं, हेही त्यांना माहीत नव्हतं. आयुष्यभर त्या या बटणाच्या दुसऱ्या टोकाला होत्या.

त्यांनी ते दाबलं.

"नमस्कार. मी हसतमुखाने आपलं स्वागत करते," आवाज आला. चष्मेवाली. सपाट, पाठ केलेला, आणि आतून घाबरलेला आवाज. "आपली भीती ती माझी भीती. आपण दोन मिनिटांत समाधानी व्हाल."

"दोन मिनिटांत मिस्त्री येतोय?" ताईंनी विचारलं. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू येईना.

"तसं लिहिलंय."

"पण येतोय का?"

कागद उलटून पाहिल्याचा आवाज आला. मग, "माहीत नाही हो."

"अगं, मी आहे. हॅलोताई."

"ताई? तुम्ही अडकलात?" मुलीचा जीव भांड्यात पडल्याचं चक्क ऐकू आलं. "मग काही काळजी नाही! मला वाटलं, कोण आहे न् काय. ताई, तुम्हाला कसली भीती! तुम्ही एवढ्याशा होतात तेव्हा त्या अंधारात… ते आठवा ना. आत्या म्हणाली होती, मी इथेच आहे."

ताईंनी पाठ लिफ्टच्या भिंतीला टेकली.

"मी रोज त्याच गोष्टीवर ड्युटी काढते, ताई," मुलगी भरभरून बोलत होती. "मला एरवी काहीच सुचत नाही. मन काही सांगतच नाही माझं. परवा एक बाई इतक्या रडत होत्या, मी त्यांना तुमची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, खरंच घडलंय का? मी म्हटलं, अगदी खरं. शपथ घेतली मी."

कोणा अनोळखी बाईपाशी, अंधारात, या पोरीने ताईंच्या आत्याची शपथ वाहिली होती. आता गप्प राहणं सोपं होतं. मिस्त्री आला असता, दार उघडलं असतं, गोष्ट सुखरूप राहिली असती. पण हा फोन होता. आणि फोनवर नेम होता.

"बाळ," ताई म्हणाल्या, "ती गोष्ट खोटी आहे. मला आत्या नाही. मी लिफ्टमध्ये आज पहिल्यांदाच अडकले आहे, आणि मला फार भीती वाटते आहे."

पलीकडून काहीच आलं नाही. नुसती तारेची घरघर. ताईंनी वाट पाहिली. अडकलेली माणसं गप्प होत तेव्हा ताई त्यांची वाट बघत. अडकलेल्या माणसाने वाट बघणं किती निराळं असतं, ते आज कळत होतं. पोरीने फोन ठेवला असेल. ठेवला तर बरोबरच आहे.

"हॅलो?" ताई म्हणाल्या. जन्मभर उच्चारलेला शब्द, पण असा केविलवाणा कधीच नव्हता.

"मिस्त्री लांब आहे," मुलगी म्हणाली. आवाज कोरडा होता, पण सपाट नव्हता. "मी आत्ता विचारलं. वेळ लागेल. पिशवी आहे का हातात?"

"आहे."

"काय आहे तीत?"

ताई मांडी घालून खाली बसल्या आणि एकेक वस्तू चाचपू लागल्या. "फुलं आहेत. चेंगरलीत. डबा आहे, रिकामा. खुर्चीवरची उशी आहे, ऑफिसातली. माझीच आहे ती, मी शिवलेली. छत्री आहे."

"छत्री उघडते नीट?"

"एक काडी अडते."

"बघा बरं."

ताईंनी मिणमिणत्या उजेडात छत्री उघडून पाहिली. अडलेली काडी त्यांनी सरळ केली. मग लक्षात आलं, आपला श्वास जागेवर आला आहे. अगदी आपल्याच नकळत.

"आणि तळाशी?" मुलीने विचारलं.

"एवढंच आहे."

"तळाशी काहीतरी असतंच, ताई."

होतंच. जड होतं, आणि टोकदार. "स्मृतिचिन्ह आहे," ताई म्हणाल्या. "आज दिलं ते."

"काय लिहिलंय?"

ताईंनी ते दिव्याकडे तिरपं धरलं. वाचायला उजेड पुरेसा होता. पुरेसा नसता तर बरं झालं असतं. "'मनापासून… मनापासून बोलायला शिकवणाऱ्या ताईंना.'"

मुलगी हसली. अगदी थोडंसंच, नाकातून. ती रडली असती, भांडली असती तर ताईंना चाललं असतं.

"तेव्हाच सांगायला हवं होतं गं," ताई म्हणाल्या. "तू विचारलंस तेव्हा. मला येत होतं उत्तर."

"मला माहीत होतं तुम्हाला येत होतं," मुलगी म्हणाली. "म्हणून तर मी उभी राहिले होते."

यावर ताई काही बोलणार, तेवढ्यात वर खडखडाट झाला, दाराच्या फटीतून उजेड आला आणि मिस्त्रीचं डोकं दिसलं. दार उघडलं की फोन आपोआप बंद होतो. कंपनीची तशी व्यवस्था आहे.

"ताई, तुम्ही?" मिस्त्री म्हणाला. "मग तर मजेत असाल!"

दुसऱ्या दिवशी त्या साहेबांकडे गेल्या आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. आत्या नाही, फ्रॉक नाही, लिफ्ट नाही. तेवढी ती चौकट उतरवा आणि मुलींना मला एकदा भेटू द्या. साहेब आधी हसले, मग त्यांना ते खरं वाटलं, मग त्यांनी दार लावून घेतलं.

"ताई, तुमच्या भाषणाचं रेकॉर्डिंग सगळ्या शाखांना गेलंय. लोक रडलेत. मी स्वतः रडलोय." ते दुखावल्यासारखे दिसले. "आता आत्या नाही म्हणून कसं चालेल?"

बाहेर पडताना फोनच्या खोलीची काच लागते. आत तीन मुली हसतमुखाने स्वागत करत होत्या. चौथी टेबलावर पुढे वाकून, छापील कागदावर कोपर ठेवून ऐकत होती. "…बरं. आणि तळाशी?" ती म्हणाली, आणि पलीकडच्याला वेळ देत थांबली. ताई काचेपाशी थांबल्या. मुलीने वर पाहिलं. मान हलवली. आपल्या माणसाला हलवतो तशी नव्हे. कामासाठी आलेल्या माणसाला, जरा थांबा, असं सुचवायला हलवतो तशी. मग ती पुन्हा फोनकडे वळली. ताई थोडा वेळ थांबल्या. फोन लांबला, आणि त्या निघाल्या.

घरी यजमान स्टुलावर उभे होते. दिवाणखान्यात, आल्यागेल्याला पहिल्यांदा दिसेल अशा जागी, त्यांनी खिळा ठोकला होता. थोडे पोपडे पडले होते, पण खिळा घट्ट होता.

"दे ते स्मृतिचिन्ह."

"राहू दे," ताई म्हणाल्या. "ते नको लावायला."

"अगं, मग खिळा? एवढा ठोकला मी! त्याला काय लावू आता?"

ताईंनी पिशवीत हात घालून स्मृतिचिन्ह काढलं, कपाटात मागे ठेवलं, आणि पिशवी त्यांच्या हातात दिली.

"ही," त्या म्हणाल्या.